बुधवाऱ्यातली न मारलेली उडी

पोलिसात नोकरी केली म्हटलं की लोक हमखास दोन गोष्टी विचारतात. कधी गोळी झाडली का, आणि चोरामागे छपरांवरून उड्या मारत पळालात का. माझी उत्तरं ऐकून विचारणाऱ्याचं तोंड उतरतं. गोळ्या मी चांदमारीच्या मैदानावरच झाडल्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा शेजारणीच्या निशाणाला लागल्या. ती बिचारी त्या वर्षी पहिली आली. राहिली उडी. साडी नेसून वाढलेल्या आणि पुढे खाकी पँट चढवलेल्या बाईला नालीसुद्धा जपूनच ओलांडावी लागते.

आमच्या बऱ्हाणपुरात मी आरक्षक, म्हणजे शिपाई म्हणून लागले आणि सहायक उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झाले. सुरुवातीला बाई पोलीस म्हणजे जत्रेत बायकांच्या रांगेला उभी करायची, नाहीतर एखाद्या आरोपी बाईचं पोर सांभाळायला द्यायची, एवढाच तिचा उपयोग. मोठे गुन्हे साहेबलोकांकडे जायचे, फोटोसकट. सायकल, शेगडी, कोंबडी, नळाची तोटी असल्या चोऱ्या कोणालाच नको असत. टीआय साहेब, म्हणजे आमचे ठाणेदार, म्हणायचे, "महाजन मॅडम को दे दो." अशा रीतीने मी तपास शिकले.

तपास म्हणजे काय, ते सांगते. पिक्चरमध्ये भिंग लावून जमीन बघतात, तसलं काही नसतं. जाऊन बसायचं, समोर येईल तो चहा प्यायचा आणि ऐकायचं. ज्याच्या घरी चोरी होते त्या घरात सगळे चकित झालेले असतात. त्यात जो चकित झालेला नाही, त्याच्याकडे बघत राहायचं. तो चोरच असतो असं नाही, पण त्याला काहीतरी ठाऊक असतं.

दर वेळी हे जमायचं असंही नाही. निंबोल्यात एकदा दोन शेतकरी एका बकरीवरून हातघाईवर आले होते. दोघंही शपथा घेत होते. मी म्हटलं, "सोडा तिला, कोणाच्या दारी जाते बघू." अख्खं गाव मागे चाललं. बकरी शेपूट हलवत तिसऱ्याच घरी गेली आणि तिथल्या म्हातारीने तिला नावाने हाक मारली. मग दोघांनाही ठाण्यात नेऊन बसवावं लागलं. आणि एक रेडिओ मात्र मला कधीच सापडला नाही. हातमागावरच्या एका म्हाताऱ्या विणकराचा होता. बाजारात भेटला की लांबूनच हात हलवून विचारायचा, "मिळाला का हो?" मी मान हलवायची. तो वारला तेव्हा मी ड्यूटी सोडून माती द्यायला गेले होते. ती रुखरुख अजून आहे.

पण आज सांगायचं आहे ते निवृत्तीनंतरचं.

इन्स्पेक्टर भैरवचे पिक्चर आमच्या पिढीला पाठ होते. कातडी जाकीट घातलेला, एकटाच गुंडांच्या टोळ्या उलथवणारा इन्स्पेक्टर. पहिला भाग आला तेव्हा माझं लग्नही व्हायचं होतं. दुसरा आणि तिसरा आम्ही नवरा-बायकोने मिळून पाहिला. मग कित्येक वर्षं काहीच नाही. आणि अचानक बातमी आली की चौथा भाग निघतो आहे, हिरो तोच, आणि शूटिंग आमच्या बऱ्हाणपुरात. गावात एकच विनोद फिरू लागला, "आता भैरव काठी टेकत पळणार का?"

आमचे हे निवृत्त शिक्षक. आयुष्यभर पोरांना पिक्चर पाहू नका म्हणून छड्या मारल्या आणि स्वतः भैरवचा एकही खेळ सोडला नाही. पिक्चरवाल्यांना पोलिसी रीतभात सांगायला गावातलं कोणी हवं होतं. तसा निरोप माझ्याकडे आला. मी नको म्हणणार, तेवढ्यात हे आतून ओरडले, "हो म्हणून राहिली ती! कधी यायचं?"

माझं काम सोपं होतं. गावातल्या पोरापोरींना खाकी घालून शिपाई केलं होतं. त्यांना टोपी कशी घालायची, सलाम कसा ठोकायचा, लाठी कुठे धरायची हे शिकवायचं. डायरेक्टर हा पहिल्या भागाच्या डायरेक्टरचा मुलगा, तरणा, सतत धावपळीत. मी त्याला सांगायची, "ठाणेदार टेबलावर पाय टाकून बसत नाही." तो म्हणायचा, "मॅडम, मग मजा काय?" त्याच्या ठाण्यात फायली नव्हत्या, तक्रार घेऊन आलेले लोक नव्हते आणि एकाच्याही पुढ्यात चहा नव्हता. असलं ठाणं मला मिळालं असतं तर मी कधी निवृत्तच झाले नसते.

हिरोसाहेब साठी ओलांडलेले. नाव लिहीत नाही, तसा शब्द दिलाय. माणूस शांत. पहिल्याच दिवशी माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि मराठीत विचारलं, "मॅडम, खरं सांगा. मी इन्स्पेक्टर वाटतो का?"

मी म्हटलं, "वाटता. पण निवृत्तीला आलेले."

ते इतके हसले की केस विंचरणाऱ्याला पुन्हा यावं लागलं.

त्यांच्याबरोबर बंडूदादा. सांगलीकडचा माणूस. पहिल्या भागापासून भैरवच्या सगळ्या उड्या, पडणं, काचा फोडणं त्याने केलेलं. तीच उंची, तेच खांदे, अंगात तसंच जाकीट. मागून बघितलं तर साक्षात हिरोसाहेब. बायका-पोरं सही घ्यायला पाठीमागून धावत यायची, तो वळला की "अय्या!" करून थांबायची. तो हात जोडून म्हणायचा, "साहेब पुढच्या गाडीत आहेत हो." वय हिरोसाहेबांएवढंच. पण पोट नाही, आणि मिशी इतकी काळी की ती रंगवलेली आहे हे आंधळ्यालाही कळावं.

तिसरी ममता, कपड्यांची जबाबदारी असलेली. मुंबईहून आलेली, पंचविशीची, घरी आई आणि धाकटी भावंडं. निंबोल्याला माझ्या दिराच्या केळीच्या बागेत पाठलागाचं शूटिंग झालं. दीर प्रत्येक घडापाशी असा उभा, जणू पिक्चरवाले तो कमरेला लावून नेणार आहेत. संध्याकाळी ममता डोक्याला हात लावून बसली. सगळ्या खाकी शर्टांवर केळीच्या चिकाचे काळे डाग. मला विचारलं, "मावशी, हे कशाने जातं?"

"बाई, केळीचा चीक जात नसतो. आमच्याकडे तो बघूनच मुलगा शेतकऱ्याचा आहे हे ओळखतात."

ती रडता रडता हसली. मग डायरेक्टरलाच ते डाग आवडले. म्हणाला, खरं वाटतं. तेव्हापासून ममता दुपारचं जेवण माझ्याशेजारी बसून करू लागली.

शेवटचं मोठं काम बुधवाऱ्यात होतं. आमच्या या जुन्या वस्तीत घरं अशी दाटीने उभी की दोन गच्च्यांमध्ये एवढासाच बोळ. चोर या गच्चीवरून त्या गच्चीवर उडी मारतो, मागोमाग इन्स्पेक्टर भैरव. अशीच एक उडी पहिल्या भागात होती, आणि ती बघायला लोक पुन्हा पुन्हा गेले होते. डायरेक्टरने सगळीकडे सांगून ठेवलं होतं की तीच उडी, तोच माणूस, इतक्या वर्षांनी. मालकांकडून गच्च्या मोजक्याच दिवसांसाठी मिळाल्या होत्या. पुढे एका घरी लग्न होतं.

उडीच्या दिवशी सकाळी मी पोहोचले तर एकच गोंधळ. कपड्यांसाठी भाड्याने घेतलेल्या खोलीत लोखंडी पेटी उघडी, आणि भैरवची दोन्ही जाकिटं गायब. एक साहेबांचं, एक बंडूदादाचं. जाकिटांच्या जागी एक घडी घातलेली सोलापुरी चादर.

पेटीला कुलूप होतं, कुलूप शाबूत होतं आणि किल्ली ममताच्या गळ्यातल्या दोऱ्यात. यापुढे कोणाला काय विचारायचं? डायरेक्टर ओरडत होता, "पहिल्या पार्टवालं जाकीट आहे ते! लोक वेडे आहेत त्याच्यासाठी. विकलं तिने!" नवीन शिवून आणेपर्यंत गच्च्यांची मुदत संपणार. ममता भिंतीला टेकून उभी. रडतही नव्हती. ते मला जास्त वाईट वाटलं.

"रिपोर्ट लिखवा दो," तो मॅनेजरला म्हणाला.

मी मध्ये पडले. "साहेब, तक्रार करणं तुमचा हक्क. पण एकदा नाव लिहिलं गेलं की या पोरीला पुढे कोणी कामाला ठेवणार नाही. मला दुपारपर्यंत बघू द्या. नाही सापडलं तर मी स्वतः तुमच्याबरोबर ठाण्यात येते."

तो तयार नव्हता. हिरोसाहेब दाराशी उभे होते. ते म्हणाले, "देख लेने दो मॅडम को." तेव्हा कुठे तो गप्प झाला.

मी ममताला घेऊन पायरीवर बसले. समोरच्या घरातून चहा आला.

"काल पेटी कोणी बंद केली?"

"मीच, मावशी."

"जाकिटं आत पाहिलीस?"

"बंडूदादांचं मी स्वतः ठेवलं. मग साहेब आले. रोज त्यांचा माणूस आणून देतो, काल ते स्वतःच आले, हातात मोठी पिशवी. म्हणाले, मीच ठेवतो, तू मला पाणी आण. मी पाणी घेऊन आले, ते प्यायले, पिशवी उचलून गेले, मी कुलूप लावलं."

"वरती चादर होती?"

"होती. मला वाटलं धूळ बसू नये म्हणून घातली असेल." मग तिच्याच लक्षात आलं. "मावशी, साहेब कशाला..."

"कोणाला बोलू नकोस. चहा पी."

कोण ते कळलं होतं, पण का ते कळेना. स्वतःचंच जाकीट कोण चोरेल? उडीची भीती म्हणावी तर उडी त्यांना मारायचीच नव्हती. सकाळचा गोंधळ मी मनात पुन्हा उभा केला. सगळे डायरेक्टरच्या तोंडाकडे बघत होते. हिरोसाहेब मात्र खाली बघत होते. शरमेने असेल असं मला वाटलं होतं. आता आठवलं, ते बघत होते ते बंडूदादाच्या पायांकडे.

म्हणून मी बंडूदादाला शोधायला गेले. तो गच्चीवर जाऊन उडीची जागा बघून परत येत होता. मी जिन्याखाली अंधारात उभी होते, त्याला दिसले नाही. वर लोकांसमोर तो तरण्यासारखा चालत होता. जिन्यावर एकटा आला तसा थांबला. भिंतीला हात लावला. मग आडवा होऊन, खेकड्यासारखा, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत उतरू लागला. उजवा गुडघा वाकला की प्रत्येक वेळी ओठ आवळत होता. शेवटच्या पायरीवर त्याने खोल श्वास घेतला, मिशीवरून हात फिरवला आणि ताठ चालत बाहेर उन्हात गेला.

अशा पिक्चरमध्ये उडी मारणाऱ्याला तार बांधतात. ती बाजूला पडू देत नाही. पण पलीकडे टेकायचं असतं स्वतःच्याच पायांवर.

हिरोसाहेबांना आराम करायला पलीकडच्या घराचं दिवाणखान्यासारखं दालन दिलं होतं. मी गेले तेव्हा ते गादीवर लोडाला टेकून बसले होते. आमच्याकडचे लोड कापसाचे, टेकलं की माणूस आत जातो. साहेब मात्र लाकडाच्या ओंडक्याला टेकल्यासारखे ताठ. आणि त्या खोलीत अत्तराचा वास असायचा, तिथे आज कातड्याचा.

मी समोर बसले. म्हटलं, "साहेब, जरा पुढे सरका. पाठीला चेन रुतत असेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच दारापर्यंत जाऊन कडी लावून आले. लोडाच्या खोळीतून जाकिटाची बाही बाहेर डोकावत होती. तीस-तीस गुंड लोळवणारा माणूस, पण लपवायची अक्कल शाळेतल्या पोराएवढी.

"बंडूला कळलंय?" त्यांनी पहिला प्रश्न हा विचारला.

"नाही. त्याचा गुडघा डायरेक्टरला माहीत आहे?"

"नाही. त्याने कोणालाच सांगितलेलं नाही. मलाही नाही. पण मी त्याला पहिल्या पार्टपासून बघतोय, मॅडम. मला दिसत नाही का?" त्यांनी लोडावर हात ठेवला. "डायरेक्टरला सांगावं तर तो आज बंडूला काढेल, आणि उद्यापासून त्याला कोणी बोलावणार नाही. बंडूला सांगावं तर तो जिद्दीने दोनदा उडी मारेल. मी म्हटलं, जाकीट नसेल तर उडी नाही. मुदत संपेल, प्रश्न मिटेल."

"आणि ममता?"

"ममता का क्या?"

"पेटीची किल्ली तिच्या गळ्यात आहे, साहेब. तुम्ही मित्राला वाचवलंत, पण ती पोरगी चोर ठरली."

त्यांना खरंच सुचलं नव्हतं. मोठ्या माणसांच्या बाबतीत हे मी बऱ्याचदा पाहिलं आहे. वाईट नसतात, पण किल्ली कोणाकडे आहे हे त्यांना कधी लक्षात ठेवावं लागलेलं नसतं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मी काय करू? तुम्ही म्हणा, गच्चीवर सापडलं."

"ते मी म्हणणार नाही. नोकरीत कधी खोटा पंचनामा केला नाही. आता तुमच्यासाठी कुठे सुरू करू?"

ते उठले, खोळीतून दोन्ही जाकिटं ओढून काढली, एक अंगात घातलं, दुसरं हातावर टाकलं आणि दार उघडलं. मी मागोमाग.

बोळात सगळं युनिट उभं होतं. वर खिडक्यांतून अर्धा बुधवारा. साहेब सरळ ममतापाशी गेले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बेटा, जाकीट मी घेतलं होतं. तुझ्यावर आळ आला, माफ कर." आणि हात जोडले. मग डायरेक्टरकडे वळले. "मला ती उडी नको. मी म्हातारा झालोय. भैरव म्हातारा झालाय. गच्चीवरून उडताना लोक मला हसतील. मला भीती वाटते."

उडी कोण मारणार होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी म्हातारपण स्वतःच्या नावावर घेतलं. बंडूदादा कडेला उभा होता. त्याच्याकडे साहेबांनी एकदाही पाहिलं नाही.

डायरेक्टर हताश झाला. "सर, पब्लिक उडीसाठी येते. चोर उडी मारून पळाला, मग भैरव करेल काय? उभा राहील?" आणि चिडून माझ्याकडे बघितलं. "मॅडम, तुमचे खरे पोलीस काय करतात?"

मी म्हटलं, "जिन्याने खाली येतात."

वरच्या खिडक्यांतून हसू आलं. त्याचा चेहरा लाल झाला. चिडवायचा माझा हेतू नव्हता, म्हणून समजावून सांगितलं. "साहेब, या गच्च्या मी ओळखते. चोर इकडून तिकडे किती का उड्या मारेना, शेवटी त्याला तिकडून उतरायला एकच जिना आहे, आणि तो त्या मिठाईच्या दुकानासमोर निघतो. मी एक सायकलचोर असाच धरला होता. त्या बाकावर बसून राहिले. तो धापा टाकत खाली आला तेव्हा त्याच्यात पळायचं बळ नव्हतं. त्याला आधी पाणी पाजावं लागलं."

डायरेक्टर दुकानाकडे चालत गेला. बाक बघितला, जिना बघितला, वर आकाशाच्या पट्टीकडे बघितलं. परत आला तेव्हा त्याची चाल बदलली होती.

"चोर उड्या मारतोय," तो हळूहळू म्हणाला, "एक, दोन, तीन गच्च्या. पब्लिकला वाटतं आता भैरव उडी मारणार. चोर खाली उतरतो. आणि सर बाकावर बसलेत. मावा जलेबी खातायत."

"आणि त्याच्यापुढे एक प्लेट सरकवतात," साहेब म्हणाले.

"पण सर एकटे कसे बसतील? कोणाशी तरी बोलत हवेत. एक जुना हवालदार..."

"बंडू बसेल," साहेब म्हणाले.

बंडूदादा दचकून मागे सरला. "मी? चेहऱ्याने? नाही हो. माझ्या चेहऱ्याला सवय नाही."

त्याचं कोणी ऐकलं नाही. ममताने त्याच्या मापाची खाकी काढली, मी टोपी नीट बसवली. मिशीचा काळा रंग थोडा पुसला तर खालून छान पांढरी मिशी निघाली. त्याला एकच वाक्य होतं. चोराला बघून साहेबांना म्हणायचं, "साहेब, आला बघा पाहुणा."

तीन मजल्यांवरून उडी मारणारा माणूस, पण त्या एका वाक्याने दुपार खाल्ली. वाक्य तो विसरायचा नाही. अडचण वेगळीच होती. डायरेक्टरने "ॲक्शन" म्हटलं की बंडूदादा झटकन कॅमेऱ्याकडे पाठ करायचा. आयुष्यभर तेच तर केलं होतं, कॅमेरा दिसला की चेहरा लपव. त्याला कळायचंही नाही. "कट!" झालं की गोंधळून विचारायचा, "काय चुकलं?" बुधवाऱ्याची मंडळी पोट धरून हसत होती. आमचे हे गर्दीत पुढे उभे राहून ओरडले, "अहो, तोंड इकडे! वर्गात पाठ करून बसतात का?"

जलेब्या संपत होत्या. साहेबांनी इतक्या खाल्ल्या की ते तोंड धरून बसले. बंडूदादाला घाम फुटला. म्हणाला, "दुसरा कोणी घ्या. माझ्याने व्हायचं नाही." त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं.

ममता उठली. कॅमेऱ्याला चिकटून खाली उकिडवी बसली आणि म्हणाली, "दादा, कॅमेरा सोडा. मला सांगा ते वाक्य. मी ऐकलंच नाही अजून."

"ॲक्शन" झालं. चोर धापा टाकत उतरला. बंडूदादाचे खांदे सवयीने वळू लागले, अर्ध्यात थांबले. त्याने ममताकडे पाहिलं आणि तिला सांगावं तसं, अगदी घरच्या आवाजात म्हणाला, "साहेब, आला बघा पाहुणा." डायरेक्टर "कट" म्हणायचंच विसरला. वरच्या खिडकीतून एका आजीने टाळी वाजवली, मग सगळा बोळ वाजू लागला.

संध्याकाळी सामान आवरत होते तेव्हा बंडूदादा माझ्याजवळ येऊन बसला. बसताना लंगडणं लपवलं नाही.

"मॅडम, साहेबांनी जाकीट खरं कशासाठी नेलं होतं?"

"त्यांनी सांगितलं ना. म्हातारे झाले म्हणून."

तो हसला. "तुम्हाला खोटं बोलता येत नाही. आणि त्याला लपवता येत नाही. मी गुडघा लपवत होतो, तो जाकीट लपवत होता. दोघंही एकदमच पकडले गेलो." मग जरा वेळाने म्हणाला, "मी उडी मारली असती बरं का."

"मारली असतीत. उतरला नसतात."

"हां," तो म्हणाला. "ते आहे."

पिक्चर लागला तेव्हा आमच्या गावात दिवाळीसारखी गर्दी. बाहेर तो फारसा चालला नाही असं म्हणतात. बऱ्हाणपुरात चालला, कारण प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी त्यात सलाम ठोकत होतं. ममताचा फोन आला, तिला दुसऱ्या पिक्चरचं काम लागलं होतं, आणि नेमकं त्याच दिवशी शूटिंग. बंडूदादा मात्र स्वतः आला. गुडघ्याचं ऑपरेशन करून, हातात काठी, मिशी पांढरी शुभ्र. साहेबांनी त्याला मुंबईतल्या मोठ्या खेळाला बोलावलं होतं, पण तो म्हणाला, मला बुधवाऱ्यातल्या लोकांबरोबर बघायचा आहे.

दुपारच्या खेळाला आम्ही तिघं बसलो. एका बाजूला हे, मध्ये मी, पलीकडे बंडूदादा. हाणामारी सुरू झाली की तो मला कानात सांगायचा, "ही पाठ माझी. हा खांदा माझा. हा पडला तो मीच." गच्च्यांवरचा पाठलाग सुरू झाला तशा शिट्ट्या वाजू लागल्या. चोराने पहिली उडी मारली, दुसरी मारली. भैरव गच्चीच्या कडेला आला. थिएटर श्वास रोखून बसलं. भैरवने खाली वाकून बघितलं, कमरेला हात लावला आणि जिन्याकडे वळला. मग चोर धडपडत खाली उतरला, समोर बाक दिसला, आणि थिएटरमध्ये असा हशा फुटला की खुर्च्या हलल्या.

बंडूदादा मात्र मान खाली घालून काठीच्या मुठीकडे बघत होता.

मी कोपराने ढोसलं. "दादा, वर बघा. तुम्ही आहात."

त्याने मान वर केली. पडदाभर त्याचा चेहरा. सुरकुत्या, पांढरी मिशी, डोळ्यांतली ती जराशी भीती आणि मग ते हसू. "साहेब, आला बघा पाहुणा." मागच्या रांगेतून कोणी ओरडलं, "वा हवालदारसाहेब!" आणि शिट्ट्या पडल्या, पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्याला.

पडद्यावरून तो गेला तरी बंडूदादा तसाच बघत राहिला. मग माझ्याकडे वाकला.

"मॅडम, माझं नाक एवढं मोठं आहे?"

"आहे," मी म्हटलं.

"आणि आजवर कोणी मला सांगितलं नाही!"

हे पलीकडून करवादले, "बोलू नका हो, पिक्चर बघू द्या." बंडूदादाने तोंडावर हात ठेवला, पण खांदे हसण्याने गदगदत होते. बराच वेळ गेला. मला वाटलं, आता तो पिक्चरमध्ये रमला. तेवढ्यात पुन्हा कानाशी आला आणि अगदी दबक्या आवाजात विचारलं,

"पुढच्या खेळाची तिकिटं मिळतील का हो?"